बाईसाहेबांचा होकार

बाईसाहेब गेल्या त्याला आठ दिवस झाले होते आणि आठ दिवस दुकानात कात्री चालली नव्हती.

बाईसाहेब म्हणजे पाल. दुकानातल्या घड्याळामागे नऊ वर्षं राहिलेली, शेपूट एकदा तुटून पुन्हा आलेली, गव्हाळ रंगाची पाल. बाबा शिंपी. कापडावर खडूने खुणा करून झाल्या की ते कात्री हातात घेऊन घड्याळाकडे बघत उभे राहायचे. बाईसाहेब चुकचुकल्या की कापायचं, नाही चुकचुकल्या तर थांबायचं. कधी दोन मिनिटं, कधी पाऊण तास. गिऱ्हाईक खुर्चीत पेंगायला लागायचं, पण बाबा ढिम्म. "त्यांचा होकार आल्याशिवाय कसं कापू?" म्हणायचे. आणि नऊ वर्षांत एक वीतभर कापड वाया गेलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

मग एका सकाळी बाईसाहेब बटणांच्या डब्यात सापडल्या, चारी पाय वर करून. बाबांनी त्यांना रिळांच्या खोक्यात मखमलीच्या तुकड्यावर निजवलं आणि मागच्या दाराशी कुंडीत पुरलं.

"माझ्यासाठी कधी निघाली नाही ती मखमल," आई म्हणाली. पण नाक तिनेही ओढलं, आणि सर्दी तर नव्हती तिला.

चार गिऱ्हाइकं आपापलं कापड परत घेऊन गेली. बाबा कापताना गुणगुणायचे तेही बंद झालं, आणि त्यांच्या धाकट्या लेकीला कापडापेक्षा त्याचंच जास्त लागलं होतं. दुकान इतकं गप्प तिने कधी ऐकलंच नव्हतं. आईने खेळण्यांच्या दुकानातून एक प्लास्टिकची पाल आणून घड्याळाला चिकटवली. बाबांनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"ही हसतेय," ते म्हणाले. "बाईसाहेब कामाच्या वेळी कधी हसल्या नाहीत."

पाल परत पिशवीत गेली.

तेवढ्यात दातांचा डॉक्टर आला. "मास्तर, रविवारी लग्न आहे माझं. कोट नसला तर काय दवाखान्यातला एप्रन घालून उभा राहू?"

"एप्रन छान बसतो तुम्हाला," बाबा म्हणाले. "कुणी शिवलाय?"

डॉक्टर मटकन खुर्चीत बसला. धाकटीला राहवेना. शाळेत तिने नुकताच मुख्याध्यापिकांचा आवाज काढून अख्खा वर्ग उभा केला होता, त्यामुळे सध्या तिला जगात काहीच अवघड वाटत नव्हतं.

"बाबा, मी चुकचुकते."

"तू?"

"पाळण्यात होते तेव्हापासून ऐकतेय. माझ्यापेक्षा चांगलं कोण काढणार?"

बाबांनी विचार केला. "घड्याळामागे मावशील कशी?"

"कपाटावर बसते. घड्याळाच्या अगदी शेजारी."

"खालून म्हटलंस तर चालणार नाही," बाबा गंभीरपणे म्हणाले. "होकार वरूनच आला पाहिजे."

ती चढली. डोकं छताला, गुडघे हनुवटीला, आणि कपाटावर नऊ वर्षांची धूळ. खाली बाबांनी काळं कापड पसरलं, कागदी नमुने ठेवून खडू फिरवला, कात्री उचलली आणि वर पाहिलं.

धाकटीने तोंड उघडलं. धुळीने जीभ कोरडी ठाक पडून टाळूला चिकटली होती. नुसतं "फस्स" झालं.

"काय म्हणाली?" डॉक्टरने विचारलं.

"काही नाही म्हणाली. होकार नाही."

धाकटी दोन्ही हात हलवून "तसं नाही, तसं नाही" असं सांगत होती, पण बाबा पुन्हा कापडावर वाकले होते. टेप लावला. खांदे मोजले, पाठ मोजली, गळा मोजला. मग बाह्यांपाशी त्यांचं बोट थांबलं.

"दोन्ही बाह्या डाव्या काढल्यात मी."

"म्हणजे?" डॉक्टर म्हणाला.

"म्हणजे लग्नात तुमचा उजवा हात पाठीमागेच राहिला असता."

डॉक्टरने उठून कपाटाकडे बघून हात जोडले. आईने पाण्याचा पेला कपाटाच्या कडेवर ठेवून लाटण्याने तिच्यापर्यंत ढकलला. बाबांनी ब्रशने खडू झटकला, नमुना उलटा केला, खुणा पुन्हा केल्या आणि वर पाहिलं.

चुक, चुक, चुक.

कात्री करकर चालायला लागली. पाठीची बाजू कापून होईपर्यंत बाबा गुणगुणायलाही लागले, सुरात नाही, पण ते कधी सुरात नव्हतेच.

डॉक्टर गेल्यावर धाकटी खाली उतरली. डोक्यापासून पायापर्यंत राखाडी.

"बाबा, मगाशी खरं सांगायचं तर माझी ना..."

"बाईसाहेबांचीही हीच रीत," बाबा कापडाची घडी घालत म्हणाले. "आपण चुकलो तर सांगायच्या नाहीत. गप्प बसून आपल्यालाच शोधायला लावायच्या."

धाकटीने उरलेलं वाक्य गिळलं. मग विचारलं, "उद्या किती वाजता येऊ?"

"शाळा सुटली की लगेच." बाबांनी कात्री खुंटीला अडकवली. "आणि वर चढण्याआधी पाणी पिऊ नकोस."