जावयाने वाटलेली पानं

माणसाची खरी पारख संकटात होत नाही. हातात आलेली भिकार पानं त्याला टाकून देता येतात की नाही, यावर ती होते. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आमच्या गंगापूर रोडच्या घरी मी हे वाक्य उच्चारलं, तेव्हा सौ. छाया म्हणाली, "अहो, पायाखाली चकलीचा चुरा होतोय, पाय उचला."

पोकर आमच्या घरात आणला स्वराजने. स्वराज म्हणजे आमचा नवा जावई, पुण्यात कॉम्प्युटरवाल्या कंपनीत. पहिल्या दिवाळसणाला आला आणि रमीऐवजी हा खेळ शिकवून बसला. प्रत्येकाला दोन पानं, मग मध्ये सगळ्यांची मिळून पाच. पैशांऐवजी चिंचोके. डाव सुरू होताना प्रत्येकाने एक चिंचोका टाकायचा, पुढे वाढवत न्यायचं. "बाबा, सगळं कसब पहिल्या दोन पानांत आहे," तो म्हणाला. "चांगली असतील तर खेळायचं, नाहीतर सरळ टाकायचं." मला पटलं. आयुष्यभर मी लोकांना हेच सांगत आलो होतो, फक्त पत्त्यांबद्दल नव्हे.

पैज मात्र जिवावरची होती. चांदवडहून आलेल्या माझ्या धोंडाबाई आत्याला पाडव्याला पहाटेच त्र्यंबकेश्वरला जायचं होतं. शेवटी ज्याच्याकडे सगळ्यात कमी चिंचोके, त्याने तिला न्यायचं. आणि माझ्या खिशात त्याच पहाटेच्या गाण्याच्या मैफिलीचा पास होता. पहिल्या रांगेचा. गेली कित्येक वर्षं मी खांबामागून गाणं ऐकत आलोय. गवयाचा मला फक्त डावा हात माहीत आहे.

पानं वाटायचा मान अर्थातच जावयाचा. मी शिस्तीत खेळायला लागलो. दुर्री-नव्वी आली, टाकली. तिर्री-अठ्ठी आली, टाकली. स्वराज सोडला तर बाकी कोणी टाकेचना.

"छाया, काय आहे तुझ्याकडे?"

"चौकी आणि दश्शी."

"मग टाक ना!"

तिने माझ्याकडे पाहून डोळे मोठे केले आणि आवाज खाली आणला. "जावयाने हाताने दिलेली पानं टाकायची? पहिल्याच सणाला? व्याह्यांच्या कानावर गेलं तर?"

"आई, टाकायचीच असतात," स्वराज म्हणाला.

"तुम्ही म्हणालच हो, मोठ्या मनाचे तुम्ही."

प्रतिभा, म्हणजे आमची लेक, नवऱ्याची पानं टाकते म्हणून कोणी बोलू नये यासाठी प्रत्येक डाव शेवटपर्यंत खेळत होती. आत्या तर पानं हातात आली की आधी कपाळाला लावायची. "जावईबापूंनी दिलंय, लय झालं," म्हणायची आणि मूठभर चिंचोके मध्ये लोटायची.

मग मला दोन राजे आले. मी वाढवलं. तरी तिघींपैकी कोणी पानं टाकली नाहीत. आत्या सत्ती-दुर्री घेऊन बसली होती आणि मध्ये आणखी दोन सत्त्या उतरल्या. तीन सत्त्यांपुढे माझे दोन राजे गेले.

"आत्या, सत्ती-दुर्री कोणी खेळतं का?"

"आरं, पर आल्या की सत्त्या!"

"त्या नंतर आल्या! आधी काय होतं?"

"आधी जावईबापूंचा मान व्हता."

माझा ढीग बशीएवढा होता तो वाटीएवढा झाला. माझी चांगली पानं तिघींच्या कचऱ्याखाली चिरडली जात होती. शेवटी मी गड्डी ओढून घेतली. म्हटलं, "आता मी वाटणार. माझ्या पानांना काही मान नाही. बेशक टाका."

"एवढा एक डाव, मग दिवे लावायचेत," छायाने बजावलं.

मी पत्ते पिसले, वाटले, माझी दोन पानं हळूच उचलून पाहिली. इस्पिकचा एक्का. बदामचा एक्का.

चेहरा दगडासारखा ठेवून मी उरलेले सगळे चिंचोके मध्ये सरकवले. आता तिघींनी यावं. एकदाच यावं, जशा दुपारभर येत होत्या.

छायाने पानं पाहिली आणि टाकली. "अहो, किती हलकं वाटतं नाही टाकल्यावर!"

प्रतिभाने टाकली. "बाबा, तुमचं म्हणणं आत्ता कळलं मला."

स्वराजने टाकली. तो बिचारा नियमानेच खेळत होता.

"आत्या, तू तरी बघ जरा. पानं काही वाईट नसतील."

"गुलाम-राणी हाय," आत्या म्हणाली आणि पानं माझ्यापुढे भिरकावली. "पर तुझ्या पानांचा कसला आलाय मान, सहादू!"

मी एक्के उताणे करून दाखवले. कोणी पाहिलं नाही, सगळे पणत्यांच्या मागे लागले होते. माझ्या पदरात आले डाव सुरू होताना चौघांनी टाकलेले चार चिंचोके. माझ्या खालोखाल कमी छायाकडे होते, पण तिच्याही ढिगाला ते कुठून पुरणार! मी खिशातला पास काढून जावयाच्या हातावर ठेवला. म्हटलं, पहिली रांग आहे, लवकर जा.

आत्या भिंतीला धरून उठली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "सहादू, उद्या खिडकीकडं मी बसंन हां. आन् एक पिलॅस्टिकची पिशवी घे बाबा संगं, मला गाडी लागती."