काळुरामचा उजवा डोळा

रोह्याच्या कंपनीची सकाळची शिफ्ट भरलेली बस कोलाडजवळ आली आणि काळुरामच्या उजव्या डोळ्यात शाई सांडावी तसं काळं पसरलं. त्यानं ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, अंदाजानं बस कडेच्या मातीत उतरवली आणि हँडब्रेक ओढला. मागे कामगार पेंगत होते.

"काय झालं रे?" पुढच्या सीटवरच्या पुंडलिकनं विचारलं.

"मला दिसत नाय."

पेणच्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टर अंतरा यांनी तपासलं. "काका, साखरेमुळे पडद्यावर कच्च्या रक्तवाहिन्या वाढल्या होत्या. त्या फुटल्यात. आतलं रक्त काढायला हवं, पडदा ओढून धरणाऱ्या जाळ्याही सोलायला हव्यात."

"दिसंल ना मग?"

"खात्री देत नाही. पण थांबलो तर हाही डोळा जाईल."

'हाही' हा शब्द ऐकून बायको, रंभा, नवऱ्याकडे बघत राहिली.

ऑपरेशनला भूल फक्त डोळ्यापुरती होती. तोंडावर हिरवं कापड, आत स्वतःच्याच श्वासाची ऊब. उजेडात अवजारांच्या बारीक सावल्या सरकताना त्याला दिसत होत्या.

"आता जाळी पडद्याला चिकटलीय. अजिबात हलू नका," डॉक्टर म्हणाल्या.

तेवढ्यात घशात खवखवलं. त्यानं आवंढा गिळला. खवखव वाढली. चादर मुठीत घट्ट धरून तो कसाबसा म्हणाला, "बाई... खोकला."

"थांबा. दाबून धरा."

सावल्या एकेक करून मागे गेल्या. "खोका आता."

तो खोकला, आणि मग सगळं पुन्हा सुरू झालं. शेवटी पडदा जागेवर टेकून राहावा म्हणून डोळ्यात सिलिकॉनचं तेल भरलं.

आता काही दिवस पालथं राहायचं होतं, मान खाली घालून. रंभा खाटेजवळ जमिनीवर बसून त्याला भात भरवायची. दुसऱ्या दिवशी पुंडलिक आला. काळुरामला त्याच्या फक्त चपला दिसल्या, त्याही धुरकट.

"डॉक्टरीण 'हाही' म्हणाली, असं वहिनी सांगत होत्या. डावा कधी गेला?"

रंभाचा हात ताटातच थांबला. आताच गेला म्हणून काळुरामला सांगता आलं असतं. कुणी खोदून विचारलं नसतं.

"गेल्या गणपतीत," काळुराम म्हणाला. "तवा डॉक्टर लेझर करा म्हणालेले. शिफ्ट बुडंल म्हणून गेलो नाय. गाडी काढून घेतील म्हणून बोललो पण नाय."

"एका डोळ्यावर आमाला नेत होतास? माजी पोरगी पण त्याच गाडीत असते रे!"

"व्हय."

चपला दारापर्यंत गेल्या, घुटमळल्या आणि बाहेर पडल्या. रंभानं ताट बाजूला सारलं. ती म्हणाली, "मला तरी सांगायचं." मग ताट परत ओढून पुढचा घास त्याच्या तोंडाशी धरला.

महिन्याभरानं त्या डोळ्याला माणसं ओळखू येऊ लागली. बारीक अक्षर लागत नव्हतं. "गाडी मात्र नाही," डॉक्टर म्हणाल्या. काळुराम रंभाला घेऊन कंपनीत गेला आणि साहेबांना डाव्या डोळ्याचं स्वतःच सांगितलं. साहेब खूप बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

दोघं परत निघाली तेव्हा फाटकाशी सुटलेल्या शिफ्टची बस उभी होती. नव्या ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर पुंडलिक होता. त्यानं काळुरामकडे पाहिलं नाही. पण खिडकीकडे सरकून बाजूची जागा मोकळी केली.