गव्हावर दळलेली ज्वारी

मी एक जुनं जातं आहे, मित्रांनो, आणि मला राग आला आहे. दगडाला कसला राग, असं वाटत असेल तर सहा वर्षं डोक्यावर पाण्याचा ड्रम घेऊन अंगणात बसून पाहा.

रामाजी पाथरवटानं मला काळ्या दगडातून घडवलं. इंदूबाईच्या लग्नात मी तिच्यासोबत सासरी आलो, आणि तिचा नवरा मनोहर खापरखेड्याच्या वीज केंद्रात लागला तेव्हा ट्रकमध्ये बसून कॉलनीतही आलो. तिथं माझं काम संपलं. कोपऱ्यावर ओमप्रकाशची विजेवरची चक्की होती. इंदूबाई एकदा माझा खुंटा धरून बसली, तर मनोहर ओरडला, "मी वीज बनवून राहिलो अन् माह्या घरी बायको जातं ओढून राहिली! लोकं हासतीन ना!" त्याच दिवशी माझ्यावर ड्रम आला.

त्यांची मुलगी शामला. आठ वर्षांची, पण अंगानं पाचाची दिसायची. पोट फुगलेलं, हातपाय काड्या, आणि चालताना दोन्ही गुडघे बाहेर वाकायचे. शेजारची अंजनाबाई भिंतीवरून म्हणायची, "इंदू, पोरीच्या पायातून तर कुत्रं निघून जाईन वं!" आणि वर हसायची.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आजार ओळखला. सिलिॲक. गहू पोटात गेला की आतड्याची आतली मऊ लव झिजते, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. हाडांना लागणारं ड जीवनसत्त्वही असंच वाया जातं आणि हाडं मेणासारखी वाकतात. बाईंनी बजावलं, "गव्हाचा कणही नको. ज्वारी, तांदूळ द्या. औषधाचे थेंब द्या. आणि रोज सकाळी पाय उघडे ठेवून अर्धा तास उन्हात बसवा. ते ऊन पोटातून जात नाही, सरळ अंगात मुरतं."

घरातून गहू गेला. शामलासाठी ज्वारीची भाकर, तांदळाची खीर. थेंबही सुरू झाले. पण उन्हाचं काय? अंजनाबाईला पोरीचे पाय दिसू नयेत म्हणून इंदूबाईनं अंगणात आडवी जुनी साडी बांधली होती. ऊन साडीच्या त्या बाजूला, लेक या बाजूला. मी ड्रमाखालून पाहत होतो. आई असून लेकीला सावलीत लपवते! माझं तोंड दाबलेलं नसतं तर मी ओरडलो असतो.

पाच महिने गेले. शामला ओट्याची एक पायरी उतरताना पडली आणि तिचं मनगट मोडलं. एक पायरी, मित्रांनो! डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गहू कुठून जातो?" इंदूबाई रडून म्हणाली, "शपथ घेतो बाई, घरात गव्हाचा दाणा नाही."

ती खोटं बोलत नव्हती. दळण मनोहर सायकलवर न्यायचा. त्या आठवड्यात त्याची पाळी बदलली, म्हणून ती स्वतः डबा घेऊन चक्कीवर गेली. तुम्ही चक्कीवर उभे राहिला असाल तर ठाऊक असेल, आपला गहू ज्वारीवर दळला जाऊ नये म्हणून बाया किती जपतात. पोळी काळी होते ना! ज्वारी कशावर पडते, हे मात्र कोणी बघत नाही. इंदूबाईचा डबा पाहताच ओमप्रकाश म्हणाला, "भाभी, थोडं थांबा. आता हा गहू निपटला की तुमचीच जवारी टाकतो. भैया का ऑर्डर आहे, गव्हावरच दळायची."

ती घरी आली तेव्हा मनोहर जेवत होता. घरातला पिठाचा डबा तिनं त्याच्या ताटापुढे आदळला.

"काहून सांगतलं तुमी त्याले गव्हावर दळायले?"

"अवं, नुसत्या जवारीची भाकर मोडते. चिमूटभर गहू मिसळला की नरम येते. पोरगी दोन घास जास्त खाईन म्हणून..."

"भाकर मोडली असती तर मोडली असती! पोरीचा हात मोडला ना!"

मनोहरनं हातातला घास ताटात टाकला. मग त्याचाही आवाज चढला. "अन् तू? डॉक्टरनं ऊन सांगतलं, तू पडदा बांधून राहिली!"

इंदूबाई तिथून वळली. ती अंगणात गेली आणि तिनं साडी ओढली, ती फाटेपर्यंत ओढली. मग भरलेला ड्रम माझ्यावरून लोटून दिला. अंगणभर पाणी झालं. मनोहर दारात आला, माझ्याकडे बघून "लोकं..." एवढंच म्हणाला.

माझ्या खाचांतही जुना गहू होताच. छिन्नीनं खाचा नव्यानं कोरणाऱ्या, म्हणजे टाकी घालणाऱ्या तुळसाबाईला इंदूबाई म्हणाली, "पुरा गहू काढजो वं बाई, कण ठेवू नको." छिन्नीचे घाव बसत होते आणि मला बरं वाटत होतं. दुसऱ्या सकाळी शामला पाय पसरून उन्हात बसली. अंजनाबाई भिंतीवरून बघत होती, तर बघू दे. इंदूबाईनं खुंटा धरला आणि तिच्या गळ्यातून आपोआप ओवी आली,

दळण मी दळीते, पांढऱ्या जवारीचं
लेकीच्या हाडात, मुरू दे ऊन सकाळचं

आता थेंब अंगी लागू लागले. वर्षभरानं डावा पाय सरळ झाला. उजव्यात वाक राहिला, तो राहणारच असं बाई म्हणाल्या. त्या वाकाचा राग माझा कधी जाणार नाही.

एकदा चक्कीची मोटर जळली. चार दिवस दळण बंद. अंजनाबाई सूप भरून गहू घेऊन आली. "मनोहरभाऊ, तुमचं जातं तर रिकामंच आहे. पाव्हणे आले, दोन पोळ्यांपुरतं दळून घेतो."

मनोहर भिडस्त माणूस. तो "घ्या ना" म्हणणार, तेवढ्यात शामला आली आणि तिनं आपला पंजा माझ्या तोंडावर ठेवला.

"काकू, याच्यात गहू नाही."

"अवं, धुऊन देतो ना!"

"धुतल्यानं जात नाही. नाही म्हणजे नाही."

अंजनाबाईनं मनोहरकडे पाहिलं. तो खाली मान घालून शामलाच्या शेजारी बसला आणि त्यानंही आपला हात तिच्या हातावर ठेवला. सूप भरलेलंच परत गेलं.

मित्रांनो, तुमच्या ओळखीत असं एखादं लेकरू असेल तर त्याच्या ताटात तुमचं प्रेम मिसळू नका, आधी त्याला काय चालतं ते विचारा. आणि त्यानं नाही म्हटलं, तर आपलं सूप उचला आणि घरी जा.