भिंतीपलीकडचा माग

"भरमू, माग चालू हाय न्हवं रं?"

वडिलांचा, आप्पांचा, हा आवाज अकरा वर्षं भरमूच्या कानात मुक्कामाला होता. वडगावच्या गल्लीत कुठंही मागाची खटाखट सुरू असली, की आधी तो आवाज यायचा आणि मागून खटाखट. आज जयाबाईंच्या दारात स्कूटर लावतानाही तसंच झालं.

भरमूच्या खांद्याला पिशवी, पिशवीत काचेच्या बारीक तारेचं वेटोळं. एकेकाळी तो सूत जोडायचा. आता घरोघरी इंटरनेट जोडायचा. जयाबाईंच्या घरची या महिन्यातली ही तिसरी तक्रार. तक्रार त्या स्वतः करायच्या नाहीत; बेंगळुरात नर्स असलेली त्यांची लेक ऋतिका करायची. आईशी व्हिडिओवर बोलायला बसलं की चित्र गोठतं, नुसता आवाज येतो. दोन्ही वेळा भरमू येऊन बघून गेला, तर राउटर भिंतीवर हिरवे दिवे लावून शहाण्या पोरासारखा बसलेला. म्हणून आज तो जयाबाईंना न कळवता आला, ऋतिकाचा फोन यायच्या जरा आधी.

जयाबाई गडबडल्या. चहा टाकते म्हणाल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. भिंतीवरचा खिळा रिकामा होता. त्याच्या खालून तार निघाली होती ती थेट लोखंडी कपाटाच्या फटीत. भरमूनं कपाट उघडलं. लुगड्यांच्या घड्यांखाली राउटर निजवलेला, अंगात ताप भरल्यासारखा गरम.

लोखंडात कोंडल्यावर सिग्नल बाहेर येणार कसा, तार दारात मुडपली की तिच्यातला उजेडच अडतो, असं सगळं त्यानं समजावून सांगितलं. मागाची तूस बसते म्हणून आत ठेवला, एवढंच जयाबाई म्हणाल्या.

भरमूनं कपाटाच्या माथ्यावरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ. मागवाल्याच्या घरात तूस कुठं नसते? देवाच्या फोटोवर असते, दिव्यावर असते, चहाच्या सायीवरसुद्धा असते. त्याचं अवघं बालपण त्या पांढऱ्या धुळीत गेलं होतं. इथं तिचा कणही नव्हता. मग ही खटाखट कुठली? त्यानं कान दिला. भिंतीपलीकडून येत होती, शेजारच्या भावकूच्या घरातून.

खोलीच्या मधोमध चटई अंथरलेली होती. तिच्या कडेला फरशीत मागाच्या बोल्टाचं एक भोक दिसत होतं. बाकीची तीन चटईखाली असणार, हे त्याला न बघताच कळलं.

"कधी गेला, आक्का?"

जयाबाई हळूहळू खाली टेकल्या. नवरा, आण्णाप्पा, गेल्यावर दोन वर्षं त्यांनी एकटीनं माग चालवला. मग उजवा खांदा उचलेना. संक्रांतीला माग भंगारात गेला. पण ऋतिका पाळण्यापासून बापाच्या मागाच्या ठोक्यावर झोपलेली पोर. बाप गेला तेव्हा आईच्या गळ्यात पडून तिनं एवढंच मागितलं होतं, की माग तेवढा ठेव. आणि जयाबाईंनी शब्द दिला होता. आता पोरगी रोज म्हणते, आई, माग दाखव.

"आवाजाला भावकूचा चालतोय," त्या म्हणाल्या. "पन दावू काय?"

तेवढ्यात भरमूचा फोन वाजला. ऋतिकाच होती. "भरमूअण्णा, सापडलं काय? आईनं भाताच्या कुकरवर ठेवलं असंल बघा त्ये खोकं."

जयाबाईंनी हात जोडले नाहीत की मान हलवली नाही.

"बघालोय. धा मिंटानं फोन कर आईला," म्हणून भरमूनं फोन ठेवला.

तार खराब होती असं लिहून त्याला निघून जाता आलं असतं. उद्या राउटर पुन्हा लुगड्यांखाली गेला असता. तो तारेची मुडप बोटांनी हळूहळू सोडवत बसला आणि आजवर बायकोलाही न सांगितलेलं सांगू लागला. आप्पा अर्धांगानं आडवे पडल्यावर त्यानंही माग विकला होता. आप्पा रोज विचारायचे, हा व्हय म्हणायचा. शेजारचा माग वाजतच होता.

"जायच्या आदल्या दिवशी म्हनले, भरमू, आपल्या मागाचा ठोका असा न्हाय रं."

"मग?"

"ठाऊक हुतं त्यास्नी, आक्का. माझ्यासाठी गप हुते. तरीबी मी व्हयच म्हनलो."

त्यानं राउटर डोक्याइतक्या उंचीवर, मोकळ्या भिंतीला टांगला. कपाटाचं दार लावलं. दिवे एकेक करत हिरवे झाले. तक्रार तुमचं बोलून झाल्यावरच बंद करतो, म्हणाला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला.

फोन वाजला. या वेळी चित्र आरशासारखं आलं.

"आई, किती वाळलीस गं," ऋतिका म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "माग चालू हाय न्हवं?"

पायरीवर बसलेल्या भरमूला आत चटई गुंडाळल्याची सरसर ऐकू आली.

"हितं बघ," जयाबाई म्हणाल्या. "माग न्हाय गं बाळा आता. संक्रांतीलाच दिला. तुला ऐकवत हुते त्यो भावकूचा."