चौथ्यांदा आलेला फोन

बटणांचा तो जुना फोन चौथ्यांदा काउंटरवर आला, तेव्हा दुरुस्तीवालीच्या कपाळावर आठी पडली. फोन गॅरेजवाल्या काकांचा. गॅरेज विकून त्यांना सहा वर्षं झाली होती, पण तोरा अजून मालकाचाच. तक्रारही तीच: फोन वाजत नाही. काकू बहिणीकडे गेलेल्या, बहिणीचा पाय मोडलेला; तिथून त्या दोन दिवस फोन करत होत्या. काकांनी एकदाही उचलला नाही, म्हणून आता काकूंनी अबोला धरला होता.

पहिल्या खेपेला तिने स्पीकर बदलला होता. या मॉडेलचे स्पीकर आता मिळत नाहीत. दुसऱ्या एका मेलेल्या फोनमधून काढून बसवला होता. दुसऱ्या खेपेला आतला गंज ब्रशने साफ केला. तिसऱ्यांदा सोल्डरचा डाग देऊन वायर नव्याने जोडली. दर वेळी फोन दुकानात खणखणीत वाजला आणि घरी गेल्यावर मुका झाला.

तिने फोन उघडला. मागे तीन गिऱ्हाइकं ताटकळत होती आणि काकांची टकळी सुरू होती. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की नुसत्या आवाजावरून आपण बिघाड सांगायचो, हल्लीच्या पोरींचं कामात लक्षच नसतं, वगैरे. तिने दात आवळले. सगळं जागच्या जागी होतं. झाकण बसवून, फोन चालू करून तिने तो काकांच्या कोपराशी ठेवला आणि आपल्या मोबाइलवरून नंबर लावला.

फोन कर्कश वाजू लागला. तिन्ही गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं. काका बोलतच राहिले.

तिच्या सगळं लक्षात आलं. पण राग निवण्याऐवजी भडकलाच. तीन वेळा डोळे फोडून केलेलं काम पाण्यात गेलं होतं.

"काका," ती मोठ्याने म्हणाली, "फोनमध्ये काहीच बिघाड नाही. कधीच नव्हता. तुम्हाला ऐकू येत नाहीये."

काकांनी गिऱ्हाइकांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बिघाडच नव्हता, तर तीनदा बदललंस काय?"

तिने खाली मान घालून सेटिंग उघडलं, होती त्यातली सगळ्यात जाड, ढोल बडवल्यासारखी रिंग लावली, व्हायब्रेशनची थरथर चालू केली आणि फोन शर्टाच्या खिशात ठेवायला सांगितलं. पुन्हा नंबर लावला. काका दचकले, छातीवर हात नेला, आणि तडक निघून गेले.

दिवसभर तिचं डोकं ठणकत राहिलं. चारचौघांत बोलायला नको होतं, असंही वाटे; आणि किती सोसायचं, असंही. शेवटी दुकान आवरता आवरता तिने फोन लावला. काकांनी लगेच उचलला. दुपारी काकूंशी बोलणं झालं होतं, अबोला सुटला होता.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता एकदा कान दाखवून या."

"काय?"

तिने पुन्हा सांगितलं. मग ओरडून सांगितलं.

"तुझा आवाज फार बारीक येतोय," काका म्हणाले. "फोन बिघडलाय तुझा. चांगल्या माणसाला दाखव."

आणि त्यांनी फोन ठेवून दिला.