विशाखाचे दात

शनिवारी दुपारी कल्याणी पुण्याहून घरी आली, तेव्हा तिची आई द्रौपदा हापशावर हंडा भरत होती. शिनोलीच्या पुढचं हे गाव. नाव सांगत नाही, अशी गावं पुष्कळ आहेत. दोन हजार साल उलटलं तरी इथं नळाचं पाणी देवळापर्यंत येऊन थांबलं होतं आणि बौद्धवस्तीच्या वाट्याला हापसाच राहिला होता. त्या पाण्यात फ्लोराईड फार. वस्तीतल्या पोरांचे दात तपकिरी डाग घेऊनच यायचे.

कल्याणी रसायनशास्त्र शिकून टूथपेस्टच्या कारखान्यात लागली होती. कमी फ्लोराईडची पेस्ट करायचं काम तिनं मागून घेतलं होतं. दात किडायला नकोत, पण पाण्यातून आधीच पोटात जाणाऱ्या फ्लोराईडमध्ये भरही पडायला नको, अशी पेस्ट.

धाकट्या बहिणीनं, विशाखानं, कल्याणीनं आणलेली नमुन्याची ट्यूब हातात घेतली. "ताई, ह्यानं माझे डाग जातील?"

"नाही गं. आलेले डाग जात नाहीत. ही बारक्या पोरांसाठी आहे."

विशाखानं ट्यूब खाली ठेवली. तिची दोन स्थळं मोडली होती. "पोरगी गुणाची हाय, पण हसली की..." एवढं बोलून पाहुणे उठले होते.

रविवारी तिसरे पाहुणे यायचे होते. द्रौपदा पोहे भिजवत होती, तोच न्हाणीतून किंकाळी आली. फरशी धुवायच्या ॲसिडनं दात पांढरे होतात, असं विशाखाला कुणीतरी सांगितलं होतं. फडक्यानं तिनं ते दातांना चोळलं. ओठ भाजले, हिरड्या सोलून निघाल्या. तिला घोडेगावच्या दवाखान्यात नेताना वाटेत पाहुण्यांची जीप भेटली. जीप थांबली, काय झालं ते त्यांनी विचारलं, आणि तिथूनच ती वळली.

विशाखाच्या दातांवरचं कवच कायमचं गेलं. गार पाणीसुद्धा तिला तोंडात धरवेना.

पुढे पेस्ट तयार झाली, कल्याणीचं नाव पेपरात आलं. सरपंच भिमाजीनं शाळेत सत्कार ठेवला. शाल घेऊन तो पुढे झाला. "आपल्या गावची लेक! आता वस्तीतल्या पोरांचे दात मोत्यावानी व्हतील."

कल्याणीनं शाल घेतली नाही. "सरपंच, पोरं पेस्ट घडीभर लावतील आणि हापशाचं पाणी दिवसभर पितील. माझ्या पेस्टनं काही होणार नाही. नळ देवळापाशी का थांबला, ते सांगा."

"अगं, पाईप कमी पडला..."

"पाईप कमी पडला, मान्य," मागून द्रौपदा उठली. "मग देवळापासल्या नळाला आमचा हंडा का लावू देत न्हाई, भाऊ? इटाळ व्हतो न्हवं? त्यापायी माझी पोर तोंड जाळून बसली. आता बोला की!"

माणसं एकेक करून उठून गेली.

दुसऱ्या दिवशी द्रौपदा हंडा घेऊन देवळापाशी गेली. मागे कल्याणी, विशाखा आणि वस्तीतल्या बायका. द्रौपदानं हंडा नळाखाली ठेवला, तशी कुणीतरी टाकीवरची चावी फिरवली. धार बारीक झाली आणि थांबली. आता नळावर आलेल्या गावातल्या बायकांचे हंडेही रिकामेच राहिले.

द्रौपदानं हंडा उचलला नाही. ती त्याच्याशेजारी जमिनीवर बसली, आणि तिच्यामागे वस्तीतल्या बायकांची सगळी रांग खाली बसली.