एकटीची शाळा

त्या वर्षी मार्चमध्ये पिल्पेओ बेटावरची शाळा उघडली, तेव्हा हजेरीला एकच नाव उरलं होतं. तरी ओर्फेलिनाबाईंनी ते नेहमीसारखं मोठ्यानं पुकारलं, "रायेन नावेलकिन." पहिल्या बाकावरची आठ वर्षांची मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "हजर, बाई." मग बाईंनी हजेरीची वही मिटली, कारण पुढे पुकारायला कोणी नव्हतं.

बाई या बेटावर आल्या तेव्हा नुकत्याच विशीच्या पुढे गेल्या होत्या. पहिलीच नेमणूक. एखाद-दोन हिवाळे काढायचे आणि समोरच्या मोठ्या बेटावर, कास्त्रो शहरात बदली मागायची, असा त्यांचा बेत होता. तो कधी विरून गेला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. लग्न राहून गेलं. शाळेच्या मागच्या दोन खोल्या हेच त्यांचं घर झालं, आणि आता पेन्शन जवळ आलं होतं.

त्या आल्या तेव्हा शाळा मुलांनी नुसती फुललेली असायची. सकाळी प्रत्येक मूल काखेत एक लाकूड मारून यायचं, ते शेगडीशेजारी टाकायचं, चिखलाचे बूट दारात काढायचं आणि लोकरी मोज्यांवर आत शिरायचं. सगळ्या इयत्ता एकाच खोलीत. ओल्या लोकरीचा आणि धुराचा वास दिवसभर कोंडलेला. या शाळेचा एक नियम बाईंच्याही आधीपासूनचा होता. ज्याचं गणित आधी सुटेल, त्यानं शेजारच्याचं सुटेपर्यंत जागचं हलायचं नाही. त्याला समजावून सांगायचं, आणि मगच दोघांनी मिळून खेळायला पळायचं. नव्या बाईंना आधी हे वेळखाऊ वाटलं होतं. पुढे त्यांच्या लक्षात आलं की या बेटावर होडी ओढणं असो की बटाटे काढणं असो, माणसं सगळं असंच करतात.

खुद्द शाळाही अशीच इथे आली होती. पूर्वी ती उत्तरेच्या टोकाला होती. मोठा भूकंप झाला, किनारा खचला आणि भरतीचं पाणी पायऱ्यांवर चढायला लागलं. तेव्हा गावानं ती लाकडी इमारत आख्खीच्या आख्खी उचलायची ठरवली. खाली ओंडके सरकवले, बैल जुंपले, तिला पाण्यात उतरवलं, भरतीवर तरंगवत होड्यांनी ओढत आणलं आणि खाडीच्या आतल्या बाजूला पुन्हा चढावर चढवलं. म्हातारे सांगायचे की फळ्यावर आदल्या दिवशीचा धडा लिहिलेला होता, तो इथे पोचला तेव्हाही तसाच होता. त्यानंतर सगळ्या गावानं चिखलात बसून जेवण केलं. बाईंनी ही हकिगत दरवर्षी नव्या मुलांना सांगितली होती.

मग समोरच्या बेटावर माशांचे कारखाने आले. पगार महिन्याच्या महिन्याला मिळू लागला. आधी तरुण पोरं गेली, मग बायका, मग मुलांना घेऊन आख्खी बिऱ्हाडं. दरसाल एक-दोन बाकं मागच्या भिंतीला लागली. रायेनची आई सिल्व्हियाही कास्त्रोला कारखान्यात होती. पंधरवड्यानं रविवारी यायची आणि संध्याकाळच्या लाँचनं परत जायची. मुलीजवळ बाप राहायचा, एर्नान. तो खाडीत कालवं वाढवायच्या दोऱ्या सांभाळायचा, थोडे बटाटे लावायचा. लहानपणी तोही बाईंच्याच हाताखाली शिकलेला.

एका मुलीला शिकवणं सोपं असेल असं बाईंना वाटलं होतं. पण रायेन हुशार. गणित सोडवून झालं की पेन्सिल ठेवून शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत बसायची. नियम तिला पाठ होता, पण समजावणार कोणाला? म्हणून बाईच तिच्या शेजारी बसायला लागल्या. भागाकार मांडायच्या आणि मुद्दाम चुकायच्या. रायेन पहिले काही दिवस मन लावून त्यांना समजावत राहिली. मग एक दिवस तिनं त्यांच्या हातातून पेन्सिल काढून घेतली.

"बाई, तुम्हाला येतंय. उगाच करू नका."

"मला खरंच कधी कधी—"

"तुम्ही बाबांना शिकवलंत भागाकार. बाबांनीच सांगितलं."

बाई हसल्या आणि उठून आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या. त्यानंतर ते नाटक त्यांनी पुन्हा केलं नाही.

जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, रायेनची दाढ दुखायला लागली म्हणून एर्नान तिला कास्त्रोला घेऊन गेला. वादळामुळे लाँच सुटेना, म्हणून रायेन आठवडाभर आईकडेच राहिली. तिथे तिची मावसबहीण मार्तिना होती, गल्लीतली मुलं होती. परत आली ती दात बरा करून, पण अबोल होऊन. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. बाईंनी दाताचंच काही असेल असं धरलं.

एका दुपारी पाऊस थांबला होता. सुट्टीत रायेन अंगणात गेली आणि बाई खिडकीशी चहा घेत उभ्या राहिल्या. मुलीनं काठीनं चिखलात ठिकरीचे चौकोन आखले. एकदा उड्या मारून आली. मग बाजूला झाली, दुसरा दगड घेतला आणि पुन्हा गेली. शेवटच्या घरात पाय रेषेवर पडला तशी ती थांबली आणि दोन आवाजांत भांडायला लागली.

"आऊट झालीस तू."

"नाही झाले. खोटारडी आहेस, मार्तिना."

"मग जा, मी नाही खेळत तुझ्याशी."

हे शेवटचं तिनं अगदी हळू म्हटलं. मग दगड टाकून दिला आणि घंटा व्हायच्या आतच वर्गात येऊन बसली. बाईंचा चहा हातातच गार झाला.

त्या शनिवारी बाई एर्नानकडे गेल्या. तो चुलीपाशी बसून बटाटे निवडत होता. रायेन कोंबड्यांना दाणे घालायला बाहेर गेली होती. त्यानं माते या तिकडच्या कडू चहाच्या पानांवर गरम पाणी ओतून भांडं बाईंच्या हातात दिलं.

"तू इथे का थांबलायस, एर्नान?" बाईंनी विचारलं.

कास्त्रोला होड्या दुरुस्तीच्या कारखान्यात काम आहे, सिल्व्हिया केव्हाची मागे लागली आहे, हे सगळं त्यानं बटाटे उलटेपालटे करत तुटक तुटक सांगितलं.

"पण मी पोरीला घेऊन गेलो की दुसऱ्या दिवशी शाळेला कुलूप. माझ्या आजोबांचे बैल होते बाई, ती शाळा ओढायला. मीच बंद करू? आणि तुम्ही कुठे जाल?"

"माझा विचार तू करू नकोस."

"मग कोणी करायचा?"

बाईंनी भांडं खाली ठेवलं. अंगणातलं सांगायचं म्हणून त्या आल्या होत्या, पण ते न सांगताच उठल्या. चढ उतरताना त्यांना स्वतःची लाज वाटत होती आणि जरा बरंही वाटत होतं. इतक्या वर्षांत कोणी त्यांच्यासाठी काही अडवून धरलं नव्हतं. निदान हिवाळा तरी जाऊ दे, त्या मनाशी म्हणाल्या. आणि तसे आणखी दिवस गेले.

पुढे सिल्व्हिया आली त्या रविवारी बाई सहज धक्क्यावर गेल्या होत्या. लाँच सुटली. रायेन रडली नाही, हातही हलवला नाही. आई दिसेनाशी झाल्यावर तिनं बापाला एवढंच विचारलं, "आता आपण घरी जायचं ना?" आणि त्याचं उत्तर येण्याआधीच वाटेला लागली.

बाईंनी एर्नानला थांबवलं.

"पुढच्या लाँचनं तुम्ही दोघंही जा."

"बाई, आपलं बोलणं झालंय."

"झालेलं नाही. मी सांगायला आले होते आणि न सांगता गेले. ती शाळेच्या अंगणात एकटीच दोघींचं खेळते. भांडते, रुसते, सगळं एकटीच."

एर्नाननं टोपी काढली आणि पाण्याकडे तोंड केलं.

"घरीही करते," तो म्हणाला. "मला वाटलं, फक्त घरीच."

ते पुढच्या रविवारी गेले. शेवटच्या दिवशी रायेननं नेहमीसारखं लाकूड आणलं आणि शुद्धलेखन पुरं केलं. जाताना तिनं विचारलं, "मग आता तुम्ही कोणाला शिकवणार?" बाई "बघू" म्हणाल्या आणि तिच्या शाळेच्या एप्रनचं सुटलेलं बटण लावून दिलं. पुढचे काही दिवस त्या वेळेवर उठत राहिल्या. मग शिक्षण खात्याची दोन माणसं आली, खिडक्यांना फळ्या ठोकल्या आणि बाईंची पेट्या-वळकटीसकट लाँचवर रवानगी झाली.

कास्त्रोच्या एका मोठ्या शाळेत त्यांना पेन्शनपर्यंत ग्रंथालय सांभाळायला दिलं. तिथे इतकी मुलं होती की नावं लक्षात राहणं शक्य नव्हतं. मुलं पुस्तकं टेबलावर आपटून पळत. शिक्षक भले होते. सगळेच घाईत असायचे. बाई दुपारचा डबा पुस्तकांच्या कपाटामागे बसून खायच्या.

नोव्हेंबरात सिल्व्हियानं त्यांना जेवायला बोलावलं. एर्नान नव्या कामात रुळला होता, थोडा जाडही झाला होता. रायेन घामेजलेली धावत आली, बाईंच्या गळ्यात पडली, उभ्या उभ्या दोन घास खाल्ले आणि दाराकडे निघाली. बाहेर चार-पाच मुली हाका मारत होत्या.

"अगं, बाई आल्यात. बस जरा," सिल्व्हिया ओशाळून म्हणाली.

"जाऊ दे तिला," बाई म्हणाल्या.

त्यांना पुष्कळ बोलायचं होतं. दाताचं विचारायचं होतं, गणिताचं विचारायचं होतं. खिडकीतून रस्त्यावरचा आरडाओरडा ऐकू येत होता, आणि त्यात रायेनचा आवाज कुठला ते त्यांना नीटसं ओळखता येईना. त्यांनी सिल्व्हियाला बटाट्याच्या भाकऱ्या छान झाल्याचं सांगितलं. निघताना तिनं दोन भाकऱ्या कागदात बांधून दिल्या.

बाईंच्या भाड्याच्या खोलीवर जायची वाट धक्क्यावरून होती. बेटांकडे जाणारी लाँच भरत होती. पिठाची पोती, कोंबड्या, एक शिवणयंत्र. बाईंनी कठड्याला टेकून एक भाकरी खाल्ली. ती अजून कोमट होती. लाँचवाल्यानं त्यांना ओळखलं आणि वरूनच विचारलं, "काय बाई, येताय का पिल्पेओला? जागा आहे."

"नाही," बाई म्हणाल्या. "तिकडे काय काम आहे आता?"

तो मान हलवून दोर सोडायला वळला. लाँच वळसा घेऊन निघून जाईपर्यंत बाई तिथेच उभ्या होत्या. मग उरलेली भाकरी त्यांनी पुन्हा कागदात गुंडाळली, पिशवीत ठेवली आणि चढाला लागल्या.